बाबांची एफडी मोडून माझं होमलोन कमी करावं का? व्याजदर परत खाली चाललेत

कृष्णाकाठ८४:
नमस्कार मंडळी, घरात गेले पंधरा दिवस एकच विषय चाललाय म्हणून इथे विचारतोय, जरा मोठं होईल पण वाचा प्लीज.

बाबा साखर कारखान्यात क्लार्क होते, २०१९ ला रिटायर झाले. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून २४ लाख आले ते सगळे राष्ट्रीयीकृत बँकेत एफडीला टाकले. पेन्शन म्हणजे ईपीएसचे दोन हजाराच्या आसपास, त्याच्यात काही होत नाही, घर चालतं ते व्याजावर. तेव्हा सव्वासात टक्के मिळाले, म्हणजे महिन्याला १४,५००, गावाकडे दोघांचं व्यवस्थित भागायचं. मग कोरोना आला आणि २०२१ ला रिन्यू करताना साडेपाच टक्के!! महिन्याचे एकदम ११,००० झाले. आईची थायरॉइडची गोळी, बाबांची बीपी-शुगरची, आणि पुढच्या वर्षी गॅसची टाकी हजारावर, आणि उत्पन्न साडेतीन हजारांनी कमी. बाबांनी तेव्हा दुपारचा पेपर आणि गावातल्या वाचनालयाची वर्गणी बंद केली हे मला सहा महिन्यांनी कळलं, अजून लागतं मनाला. नंतर दर वाढले, मागच्या वेळी ७.३ मिळाले. आता १८ डिसेंबर २०२५ ला एफडी संपतेय आणि बँक म्हणते ६.७५.

दुसरीकडे मी. मार्च २०२१ मध्ये स्टॅम्प ड्युटीची सवलत संपायच्या आत पुण्यात टू बीएचके घेतला, ३० लाख लोन, २० वर्षं, ६.७ टक्के, हप्ता २२,७२२. तेव्हा सगळे म्हणत होते एवढा स्वस्त दर परत येणार नाही, घेऊन टाक. म्हणजे बघा, ज्या वर्षी बाबांचं उत्पन्न कमी झालं त्याच वर्षी त्याच कारणाने मला घर परवडलं. आता माझं लोन ८.२ ला आहे, रेपो (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) ५ डिसेंबरला परत पाव टक्का उतरला म्हणून जानेवारीपासून ७.९५ होईल असा मेसेज आलाय.

बाबांचं म्हणणं, मला ६.७५ मिळणार आणि तू ८ च्या आसपास भरणार, यात बँकेचाच फायदा, त्यापेक्षा माझे २४ लाख तुझ्या लोनमध्ये भर आणि मला दर महिन्याला १४,००० देत जा. हिशोबाने बरोबर वाटतं पण मला कुठेतरी पटत नाहीये. काय करावं?

ठाणे_घोडबंदर:
नको. हिशोब नंतर बघू, पण ६६ वर्षांच्या माणसाचा सगळा पैसा विटा-सिमेंटमध्ये घालू नका. उद्या हॉस्पिटलला ४ लाख लागले तर फ्लॅटची खिडकी विकता येत नाही.

निवृत्त_शाखाधिकारी:
३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची १२ ब्रँचला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी २०२०-२१ ला काय झालं ते समजून घ्या, कारण बाबांना वाटत असणार की बँकेने त्यांना फसवलं. मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने रेपो ५.१५ वरून एकदम ४.४० केला आणि मे महिन्यात ४ टक्के. तो मे २०२२ पर्यंत, म्हणजे दोन वर्षं, तिथेच राहिला. त्या काळात लोक खर्च करत नव्हते, उद्योग कर्ज मागत नव्हते, बँकांकडे ठेवी नुसत्या साचत होत्या आणि जादा पैसा रिझर्व्ह बँकेकडे ३.३५ टक्क्यांनी ठेवावा लागत होता. मग बँक तुमच्या बाबांना सव्वासात कुठून देणार. मी काउंटरपलीकडे बसून रोज हे ऐकलंय, लोक रडायचे अक्षरशः, एक आजी पासबुक पुढे करून म्हणाल्या साहेब इथे चूक झालीय, व्याज कमी पडलंय. चूक नव्हती झाली. २०२०-२१ मध्ये महागाई सरासरी ६ टक्क्यांच्या वर होती, म्हणजे साडेपाच टक्के व्याज घेऊन ठेवीदार दर वर्षी गरीबच होत होता आणि त्याच्या वाट्याचं कर्जदाराला मिळत होतं. तुमच्या घरात देणारा आणि घेणारा एकाच ताटात जेवतात म्हणून तुम्हाला ते इतकं स्पष्ट दिसलं.

आता मुद्द्याचं. बाबांचा हिशोब चुकतोय कारण ते ६.७५ ची तुलना ८ शी करतायत. त्यांची तुलना एफडीशी व्हायलाच नको. त्यांचं वय ६० च्या वर आहे, त्यांना सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम घेता येते, पोस्टात किंवा बँकेत, दर या तिमाहीत (ऑक्टोबर-डिसेंबर २०२५) ८.२. म्हणजे तुमच्या लोनच्या दराएवढा, आणि जानेवारीत लोन ७.९५ झालं की त्याच्यापेक्षा जास्तच. सरकारची हमी, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात, आणि महत्त्वाचं म्हणजे खातं उघडायच्या दिवशी जो दर असेल तो ५ वर्षं पक्का, मध्ये रेपो कितीही उतरला तरी. आधी मर्यादा १५ लाख होती, एप्रिल २०२३ पासून ३० लाख झालीय. २०१९ ला त्यांनी का नाही घेतली?

ही घाई मी उगाच लावत नाही, पण ३१ डिसेंबरला पुढच्या तिमाहीचे दर जाहीर होतात. एफडी १८ ला मोकळी होतेय ना, मग वर्ष संपायच्या आत खातं उघडून घ्या.

कृष्णाकाठ८४:
काका खूप आभार. २०१९ ला नाही घेतली कारण कुणीतरी सांगितलं ५ वर्षं पैसे अडकतात, आणि पोस्ट तालुक्याला, बँक गावात. मला तेव्हा काही कळत नव्हतं, मी लक्षच घातलं नाही, चूक माझीच.

एक शंका, एवढे दर खाली येत असताना ही स्कीम ८.२ वर कशी काय? यात काही गोम तर नाही ना?

निवृत्त_शाखाधिकारी:
गोम नाही. हे दर रिझर्व्ह बँक नाही, केंद्र सरकार ठरवतं, दर तिमाहीला. श्यामला गोपीनाथ समितीने सूत्र दिलेलं आहे, सरकारी रोख्यांवर जो परतावा मिळतो त्याच्यावर थोडं जास्त, ज्येष्ठांच्या योजनेला एक टक्का. पण सरकार सूत्र काटेकोर पाळत नाही, कारण छोट्या बचतीचे दर कमी केले की घराघरात कळतं. आठवत असेल तर ३१ मार्च २०२१ ला रात्री दर कमी केल्याचा आदेश निघाला होता, पीपीएफ ७.१ चा ६.४, आणि सकाळी अर्थमंत्र्यांनी तो नजरचुकीने निघाला म्हणून मागे घेतला. त्यामुळे हे दर बँकेपेक्षा उशिरा हलतात. उशिरा उतरतात आणि वाढतातही उशिरा.

पण कधीच उतरत नाहीत असं समजू नका. १ एप्रिल २०२० ला हीच योजना ८.६ वरून ७.४ झाली होती. ज्यांनी ३१ मार्चपर्यंत खातं उघडलं त्यांना ५ वर्षं ८.६ मिळाले आणि दुसऱ्या दिवशी गेलेल्याला ७.४. म्हणून म्हटलं तारीख बघा.

सगळे २४ टाकू नका मात्र. २० टाका, ४ लाख एफडीला ठेवा तेही एक-एक लाखाच्या चार पावत्या करून, म्हणजे गरज पडली तर एकच मोडेल. २० लाखाचे तिमाहीला ४१,००० येतील. मुदतीआधी बंद करता येतं पण पहिल्या वर्षात केलं तर व्याज काहीच मिळत नाही, दिलेलंही मुद्दलातून कापतात, वर्षानंतर दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का मुद्दलातून जातो. आणि टीडीएस कापला जाऊ नये म्हणून १५एच फॉर्म (आपल्याला टॅक्स बसत नाही असं ज्येष्ठांनी लिहून द्यायचा) भरून द्या, त्यांचं एवढ्या उत्पन्नावर टॅक्स काही बसत नाही.

अहिल्यानगरची:
मला दुसऱ्याच गोष्टीबद्दल लिहायचंय. तुमचे बाबा म्हणतायत मला महिन्याला १४,००० देत जा, आणि तुम्ही द्यालच, शंका नाही. पण माझ्या सासऱ्यांनी असंच केलं होतं, दिरांच्या दुकानात पैसे घातले, ठरलेले पैसे दर महिन्याला यायचे पण एखाद्या महिन्यात पाच तारखेचे पंधरा झाले की सासूबाई फोन करायच्या आधी दोन दिवस विचार करायच्या, मागू का नको. स्वतःच्याच पैशासाठी. व्याज खात्यात आपोआप जमा होणं आणि मुलाने पाठवणं यात फरक आहे हो, मुलगा कितीही चांगला असला तरी. बाबांचे पैसे बाबांच्या नावावरच राहू द्या.

आणि आणखी एक, दर उतरले की गावात लगेच पतसंस्थांचे एजंट फिरायला लागतात, बँक साडेपाच देते आम्ही ११ देतो. २०२१ ला माझ्या आईने ६ लाख ठेवले होते असे, पहिलं वर्षभर व्याज वेळेवर आलं आणि मग एक दिवस शटर बंद. साडेतीन वर्षं झाली, आतापर्यंत ४०,००० मिळालेत हप्त्याहप्त्याने. तिथे गेल्यावर कळलं की ५ लाखाचा जो ठेव विमा असतो तो बँकांना, सहकारी बँकांनाही असतो, पण पतसंस्थेला नसतो. आईला पासबुक सारखंच दिसलं, बोर्ड सारखाच दिसला. ती लोभी नव्हती, तिला फक्त आधी जेवढे मिळायचे तेवढेच परत मिळायला हवे होते. बाबांना हे नक्की सांगा.

कृष्णाकाठ८४:
ताई वाचून गलबलून आलं. आमच्याकडेही एक जण येऊन गेलाय, १०.५ म्हणत होता. आजच बाबांना फोन करतो.

बाबांचं तर ठरलं बहुतेक. पण मग माझ्या लोनचं काय, तेही सांगा कुणीतरी. काल पहिल्यांदा स्टेटमेंट नीट उघडून बघितलं तर डोकं फिरलं. ५७ हप्ते भरले म्हणजे १३ लाखाच्या जवळपास गेले आणि मुद्दल अजून २८ लाख ४५ हजार बाकी!! दीड लाखच फिटलंय. आणि शिल्लक हप्ते ७.९५ ने २६८ दाखवतंय. २० वर्षांचं लोन, पावणेपाच वर्षं भरलं आणि अजून २२ वर्षं बाकी, हे कसं शक्य आहे? हप्ता एकदाही चुकवलेला नाही.

निवृत्त_शाखाधिकारी:
शक्य आहे आणि तुमच्यासारखे लाखो आहेत. तुमचं लोन रेपोला जोडलेलं, रेपो अधिक २.७. रेपो ४ होता तेव्हा ६.७, मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो चढत चढत ६.५ ला गेला म्हणजे तुम्ही ९.२ ला. बँकेने हप्ता तोच ठेवला आणि मुदत वाढवली, तुम्हाला काही जाणवलं नाही कारण खात्यातून जाणारी रक्कम बदललीच नाही. पण आत काय चाललं होतं बघा, २८ लाख ८३ हजारांवर ९.२ ने महिन्याचं व्याजच २२,१०० होतं आणि हप्ता २२,७२२. मुद्दलात जात होते सहाशे रुपये. त्या दराने तोच हप्ता चालू राहिला असता तर लोन फिटायला अजून ३९ वर्षं लागली असती. आणि हे दोन वर्षं चाललं, कारण पहिली कपात झाली ती थेट फेब्रुवारी २०२५ ला.

स्वस्त दराचं कर्ज हे असं असतं. दर कमी असताना हप्ता त्या कमी दरावरच बेतलेला असतो, बँक त्याच हप्त्यात जास्त रक्कम बसवून देते, बिल्डरही त्या हिशोबाने भाव लावतो, आणि दर दोन-अडीच टक्क्यांनी वर गेला की जवळजवळ सगळा हप्ता व्याज खातं.

ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवायचा की मुदत हे निवडू द्यायचं. तुम्हाला मेसेज आला असेल, तुम्ही वाचला नसेल.

आता करायचं काय ते सांगतो. पहिलं, बँकेत जा आणि स्प्रेड, म्हणजे रेपोच्या वर बँक जे लावते ते, कमी करून मागा, लेखी. तुमचा स्प्रेड २.७ आहे, आज नवीन गिऱ्हाईकाला चांगल्या सिबिलवर (क्रेडिट स्कोअरवर) साडेसात किंवा त्याच्याही आत लोन मिळतंय, जुन्या गिऱ्हाईकाला कुणी आपणहून देत नाही, मागावं लागतं. नाही म्हणाले तर दुसरीकडे ट्रान्सफर करा, फ्लोटिंग (बदलत्या दराच्या) होमलोनला फोरक्लोजर चार्ज, म्हणजे मुदतीआधी फेडल्याचा दंड, लावता येत नाही. प्रोसेसिंग फी आणि मॉर्गेजची स्टॅम्प ड्युटी धरून हिशोब करा आधी. दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं, हप्ता ३,००० ने वाढवा. ७.९५ नेच धरलं तरी २६८ चे २०० हप्ते होतात. साडेसात मिळाले तर १८९. नुसता दर कमी करून हप्ता तोच ठेवलात तर २४५. म्हणजे दरापेक्षा त्या ३,००० मध्ये जास्त ताकद आहे.

ठाणे_घोडबंदर:
याला माझ्याकडून दुजोरा. माझं लोन २०१४ चं, २० लाख, १०.१५ टक्के, हप्ता १९,५००. बेस रेटवर (दर ठरवायची जुनी पद्धत) होतं, २०१६ नंतर एमसीएलआरवर (त्यानंतरची पद्धत) नेलं, मग रेपोवर नेलं, दर वेळी फी भरून आणि ब्रँचला चकरा मारून. बायको म्हणायची दर कमी झालाय तर हप्ता कमी करून घे, मुलीची फी आहे. एकदाही कमी नाही केला. २०२०-२१ ला ७ च्या आत होतो तेव्हा अर्ध्याच्या जवळपास हप्ता मुद्दलात जायचा, पहिल्यांदा वाटलं की आपण फेडतोय. २०३४ ला संपणारं लोन आता २०३०-३१ ला संपेल. कमी दरांनी सगळ्यांचं वाटोळं केलं असं नाही, ज्यांचं लोन महाग काळातलं होतं त्यांना ती दोन वर्षं फार मोलाची गेली. फक्त तो फायदा दिसण्यासाठी हप्ता जागेवर ठेवावा लागतो.

निशिकासाई_तोक्यो:
मी १३ वर्षं जपानमध्ये आहे, इथला अनुभव सांगतो कारण दोन वर्षांत तुमची ही हालत आणि इथे लोकांनी २५ वर्षं काढली. १९९९ ला शून्य दर आला, २०१६ ला तर उणे ०.१ केला, आणि उणे दर संपला मार्च २०२४ ला. मोठ्या बँकेत साध्या खात्यावर ०.००१ टक्के मिळायचे, म्हणजे १० लाख येन वर्षभर ठेवले की १० येन, त्यातही टॅक्स कापून ८. एटीएमला रात्री एकदा पैसे काढले तर फी शंभराच्या वर. त्यामुळे म्हातारी माणसं सरळ कपाटात ठेवतात, त्याला शब्दच आहे ‘तान्सु योकिन’, कपाटातली ठेव.

इथे आल्यावर मला वाटायचं हे लोक चिडत कसे नाहीत. मग कळलं, भावच वाढत नव्हते. दुपारच्या जेवणाचा डबा मी आलो तेव्हा ५०० येन, सहा वर्षांनी पण ५००. व्याज शून्य पण झीजही शून्य. खरा त्रास आता सुरू झालाय, २०२२ पासून भाव वाढायला लागले, या वर्षी (२०२५) ५ किलो तांदूळ ४,००० येनच्या वर गेला होता, आणि खात्यावर मिळत होते ०.२ टक्के. आमच्या बिल्डिंगमधल्या ७८ वर्षांच्या आजी तांदळाच्या रांगेत भेटल्या, म्हणाल्या नवऱ्याने आयुष्यभर साठवलेलं आहे तसंच आहे पण छोटं झालंय. कर्जदारांचंही तेच, ०.४ टक्क्यांच्या बदलत्या दराने ३५ वर्षांची घरं घेतलीत, त्यात हप्ता ५ वर्षं बदलत नाही असा नियम असतो बऱ्याच लोनमध्ये, त्यामुळे दर वाढतोय पण हप्ता तोच आणि आत व्याजाचा वाटा वाढतोय. धागाकर्त्याचं २०२३ वाचताना अगदी तेच आठवलं.

म्हणून व्याजाचा नुसता आकडा बघू नका, त्या वर्षी भाव किती वाढले ते शेजारी ठेवून बघा.

कृष्णाकाठ८४:
हे पटलं, पण मग एक सांगा, ऑक्टोबरची महागाई ०.२५ टक्के आली म्हणे. त्या हिशोबाने बाबांना ६.७५ म्हणजे चांगलेच मिळतायत की, मग ते तक्रार का करतात? त्यांच्या मेडिकलच्या बिलात तर काही उतरलेलं दिसत नाही.

निवृत्त_शाखाधिकारी:
दोन्ही खरं आहे. ०.२५ मध्ये मोठा वाटा भाजी-डाळी स्वस्त झाल्याचा आणि जीएसटी कपातीचा, आणि ती तुलना मागच्या ऑक्टोबरशी, जेव्हा भाज्या कडाडल्या होत्या. २०२१ ला वाढलेले भाव परत खाली गेलेले नाहीत, फक्त वाढायचे थांबले. बाबांची पावती मात्र २४ लाखाचीच राहिली. आज त्यांना १३,५०० मिळाले तरी ते २०१९ च्या १४,५०० पेक्षा कमीच, आणि मधल्या ६ वर्षांची महागाई त्यांनी खिशातून भरलीय. या वर्षी ठेवीदाराचं बरं चाललंय हे कागदावर खरं आहे, पण आधीचं गेलेलं ते भरून देत नाही.

कृष्णाकाठ८४:
अपडेट देतो. शनिवारी गावी गेलो होतो, बाबांना हा सगळा धागा वाचून दाखवला. पतसंस्थेचं वाचलं तेव्हा आई मध्येच उठून आत गेली आणि डब्यातून त्या माणसाने दिलेलं कार्ड आणून माझ्या हातात दिलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले मला वाटलं होतं तुझं ओझं कमी होईल. मी म्हटलं माझा हप्ता मी वाढवतोय, ते ओझं मला पेलतं.

२२ तारखेला तालुक्याच्या पोस्टात खातं उघडलं, २० लाख, ८.२, आई जॉइंट. चार पावत्या गावातल्या बँकेत. बँकेत स्प्रेड कमी करायचा अर्ज दिलाय, ते म्हणतात १० दिवसांत कळवू, हप्ता २५,७२२ करायचं मात्र लगेच करून दिलं.

काका, पोस्टातल्या बाईंनी सांगितलं पहिलं व्याज १ जानेवारीलाच जमा होईल पण फक्त दहा दिवसांचं, ४,५०० च्या आसपास, आणि पूर्ण ४१,००० एप्रिलमध्ये. हे बरोबर आहे ना? बाबा १ तारखेला पासबुक भरायला जाणारच आहेत, आधी सांगून ठेवतो म्हणजे आकडा बघून घाबरायला नकोत.

निवृत्त_शाखाधिकारी:
बरोबर आहे. ३१ डिसेंबरपर्यंतचंच मोजतात. सांगून ठेवा नक्की.